अर्जदाराचा मासा

मी धुळ्याला त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेलो, त्या दिवशी त्यांनी माझ्या ट्रंकेचा पंचनामा केला. म्हणजे अक्षरशः केला. शेजारचे वैद्य आणि समोरचा शिंपी यांना पंच म्हणून ओट्यावर बसवलं, माझ्याच हातात टाक दिला आणि माझ्याच सामानाची यादी मला सांगायला सुरुवात केली. "सदरे तीन, पैकी एकाची बाही उसवलेली. पितळी तांब्या एक, बूड चेपलेलं. लिहा, चेपलेलं लिहा. उद्या घर सोडताना तुम्ही म्हणाल, इथं चेपला." वैद्यांनी सही केली, शिंप्यानं अंगठा उठवला. मी तोवर उन्हात उभा होतो आणि मला पाणीसुद्धा कोणी विचारलं नव्हतं.

ते दिवाणी कोर्टातले निवृत्त नाझर. दाव्यात जप्त झालेली चीजवस्तू निकाल लागेपर्यंत सांभाळायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणत. दुसरी लढाई सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षं होती, मी कचेरीत नवा कारकून होतो आणि धुळ्यात माझ्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. ते पुढं झालं, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं असे. डॉक्टर म्हणाले, आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करू, मग दुसऱ्याचं बघू. नाना म्हणाले, एकतर्फी काही नको, आणि उठून आले. तेव्हापासून त्यांचं लिहिणं-वाचणं संध्याकाळी कचेरीतून आल्यावर माझ्याकडे असे. घरात त्यांची थोरली विधवा बहीण, माई. नाना तिला भीत. ती कोणालाच भीत नसे. तिचं स्वयंपाकघर इतकं सोवळ्याचं की मांजरसुद्धा उंबऱ्याबाहेर बसून वाट बघायचं.

नोकरीतला एकच पराक्रम ते पुन्हा पुन्हा सांगत. पारोळ्याच्या दोन भावांचा वाटणीचा दावा. वादातला बैल नानांच्या ताब्यात. दावा तीन वर्षं चालला आणि तेवढ्या काळात नानांनी बैलाला सरकी, पेंड, गूळ असं काही चारलं की निकालाच्या दिवशी दोघा भावांनी बैल ओळखायलाच नकार दिला. थोरला म्हणाला, "हाऊ आमना बैलच नही." धाकटा म्हणाला, "आमना इतला जाड नव्हता." एवढ्या एका बाबतीत त्या भावांचं तीन वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं. सांगून झालं की नाना बोट वर करत, "ताब्यात घेतलेला जीव वाढला तर चालेल. घटता कामा नये."

माझ्या आधीपासून वरच्या माडीवर कापसाच्या जिनाचे एक पारशी मॅनेजर राहत. त्यांना सगळे शेटजी म्हणत. एकटा माणूस, दिलदार, दारातून शिरताना आधी हसू यायचं आणि मग शेटजी. त्यांना एकाएकी कराचीला जायचा हुकूम आला. कुत्रा बरोबर नेणं जमेना. "नाना, आठ दिवस राखो. पछी मी माणूस पाठवते," असं म्हणून त्यांनी साखळी नानांच्या हातात दिली. नानांनी पावती दिल्याशिवाय साखळी घेतली नाही. पावती मीच लिहिली. "कुत्रा एक, रंग पांढरा, डावा कान तपकिरी, पाय आखूड परंतु चारही हजर, शेपूट चालू स्थितीत." मग समोरच्या वखारीत लाकडं तोलायच्या काट्यावर कुत्रा टोपलीत बसवून वजन केलं आणि तेही पावतीत घातलं.

आठ दिवसांनी माणूस आला नाही, पत्र आलं. शेटजींना सहा महिने तरी कराचीतच काढावे लागणार होते. कुत्र्याला शेटजी कुठल्याशा इंग्रजी नावानं हाक मारत, ते नानांना उच्चारता येईना. तो रोज सकाळी ओट्यापुढं येऊन मुकाट बसायचा, मान वर करून. तीस वर्षं नानांनी लोकांना तसं बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी त्याचं नाव अर्जदार ठेवलं.

अर्जदार काही खाईना.

दूध दिलं, वास घेऊन बाजूला झाला. भात, कळण्याची भाकरी, दशमी, काही चालेना. माईनं दारातून कितीही हिडीसफिडीस केली तरी तिसऱ्या आठवड्यात तिनं खापरावरची पुरणपोळी केली आणि चिमट्यानं अंगणात टाकली. अर्जदारानं तिच्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. दर रविवारी वखारीत वजन व्हायचं. दर रविवारी वखारवाला आकडा सांगायचा आणि नाना म्हणायचे, "काटा तपासा." काट्यात काही दोष नव्हता. कुत्र्याच्या बरगड्या मला बिनभिंगाच्या दिसत होत्या.

शेटजींना विचारलं, हा काय खातो? कराचीहून एका ओळीचं उत्तर आलं, मी खातो तेच. नाना संतापले. "हा काय खुलासा झाला? मी खातो म्हणजे काय खातो ते लिहायला नको? मी आहे, हा कुत्रा आहे, तुम्ही आहात. आपण तिघं एक खातो का?"

मग नदीवरची भोईण उभी राहिली. पांझरेतले मासे विकणारी म्हातारी, तिला सगळे अक्का म्हणत. ती रस्त्यानं जात होती, कुत्रा पाहून थांबली आणि सहज बोलून गेली. "नाना, हाऊ शेटना कुत्रा ना? तीन वरीस मी मागला दारवर मासा दिधा. हाऊ मन्हा टोपलाजोडे बठी ऱ्हाये."

माईच्या हातातली पळी खाली पडली. तीन वर्षं तिच्या डोक्यावरच्या माडीत मासा शिजत होता! तिनं त्याच दिवशी बजावलं की मासा या घरात दिसला तर ती जामनेरला आपल्या दिरांकडे निघून जाईल. आणि ज्यानं माशाला हात लावला त्याचं पान तिच्या स्वयंपाकघरात मांडलं जाणार नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

दुसऱ्या कोणी गुपचूप मासा टाकला असता कुत्र्यापुढं. नानांनी चौकशी उघडली. ओट्यावर सतरंजी, पुढं उतरतं मेज, बाजूला मी टाक घेऊन. मुद्दा क्रमांक एक : मासा कुत्र्यास हितकर आहे काय? मुद्दा क्रमांक दोन : असल्यास कोणत्या स्थितीत? अर्जदाराला खांबाशी बांधलं, कारण त्याच्या गैरहजेरीत कामकाज चालवणं बरोबर नव्हतं.

अक्कानं पांझरामाईची आण घेतली आणि पायरीवर टोपली ठेवून बसली. रस्त्यात बोलली होती तेच तिनं आधी पुन्हा सांगितलं आणि मी लिहून घेतलं. नाना नाकाला उपरणं लावून विचारत होते.

"कुत्र्याला मासा चालतो काय?"

"चालस ना. काटा नही चालस."

"मासा आणि काटा एकत्र आहेत की विभक्त?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनस हाऊ बाबा? काटा माशाना आंगमाच ऱ्हास. शिजाडा, बठ्ठा काटा काढा, मंग द्या. गळामा अडकना ते कुत्रा मरी जाई. आनि सुकेल मासा खारा ऱ्हास, तो देऊ नका."

वैद्यांची जबानी उलटी निघाली. मासा उष्ण, कुत्रा उष्ण, धुळं उष्ण, तेव्हा कुत्र्याला कोड फुटण्याचा संभव आहे, असं ते म्हणाले. नानांनी विचारलं, कुत्रा मुळात पांढरा असल्यास कोड फुटलेलं कसं ओळखावं? वैद्यांनी विचार करून सांगायला दोन दिवसांची मुदत मागितली आणि नानांनी ती दिली.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर खेड्यांवर फिरतीला गेलेले. त्यांच्यासाठी तारीख पडली. पुन्हा पडली. तोवर अर्जदाराला ओट्याची पायरी चढवेना. मला राहवलं नाही. मी टाक आपटून म्हणालो, "नाना, तुमचा निकाल लागेपर्यंत अर्जदार मरेल!"

"तसं झाल्यास वारस दाखल करावे लागतील," नाना सवयीनं बोलून गेले. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. भिंग उगाचच पुसत बसले. भिंग पुसून झालं, मग डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः दवाखान्यात जाऊन फाटकाशी बसले आणि डॉक्टर टांग्यातून उतरताच त्यांना गाठलं. डॉक्टर थकलेले, धुळीनं माखलेले. ते म्हणाले, "अहो, उकडून द्या. मीठ-मसाला नको, काटा नको. आधी थोडा देऊन बघा. आणि आजच द्या." नानांनी एवढ्यावर त्यांची सही घेतली. त्या संध्याकाळी निकाल लागला. मुद्दा एक : होय. मुद्दा दोन : उकडलेल्या, अळणी व बिनकाट्याच्या स्थितीत.

परसात, माईच्या स्वयंपाकघरापासून लांब, तीन दगडांची चूल मांडली; परस म्हणजे घर नव्हे, असं नानांनी ठरवलं. सुरुवातीला काटे मी काढायचो, सकाळी कचेरीला जाण्याआधी; मी खानावळीत जेवत असल्यानं माईच्या पानाचा धाक मला नव्हता. आमच्या रावेरकडं घरात मासा शिजत नाही, पण तापीकाठच्या दोस्तांबरोबर मी थोडा बिघडलो होतो, तेवढं माझं बिघडणं इथं कामाला आलं. पहिल्या दिवशी अर्जदारानं बराच वेळ वास घेतला. मग एक घास खाल्ला. मग पुन्हा आमच्याकडे पाहिलं. नाना कुजबुजले, "नोंद करा. एक घास, राजीखुशीनं."

चौथ्या दिवशी माझ्या नजरेतून एक काटा सुटला. अर्जदार खोकायला लागला, मान ताणायला लागला, तोंडातून फेस. मी पाणी आणायला धावलो, वळून बघतो तो नानांनी कुत्र्याचा जबडा उघडून दोन बोटं घशात घातलेली. दिसत तर काही नव्हतंच, चाचपून त्यांनी काटा ओढून काढला. माई मागच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. "नाना, आंघोळ!" एवढंच ती म्हणाली. त्यांनी तीन आंघोळी केल्या आणि माईनं त्या दिवसापुरतं सोडून दिलं.

पुढच्याच आठवड्यात बहिणीच्या लग्नासाठी मला गावी जावं लागलं. मी जाताना म्हटलं, "अक्काकडून काटे काढून घ्या." नाना म्हणाले, "ती साक्षीदार आहे. साक्षीदारानं मुद्देमालाला हात लावायचा नसतो." मी आठ दिवस मांडवात अर्जदाराच्या काळजीत होतो. घरच्यांना वाटलं, धाकटी बहीण सासरी चालली म्हणून भावाला दुःख झालंय.

परत आलो तर अर्जदार धावत अंगावर आला. बरगड्या झाकायला लागल्या होत्या. वखारवाल्यानं आनंदानं आकडा सांगितला. मी विचारलं, "काटे कोण काढतं?" नाना म्हणाले, "व्यवस्था झाली आहे. तुम्ही आपली कचेरी बघा." मी कचेरी बघू लागलो.

पण घरात आणखी एक बदल झाला होता. नानांनी आपलं पान ओसरीवर मांडायला लावलं होतं. कारण सांगेनात. विचारलं की म्हणत, "विचाराधीन आहे." माई आतून वाढायची, मधे उंबरा. मला वाटायचं, त्यांनी माईच्या बोलण्याचा राग धरलाय आणि म्हणून तीही फुगलीय. शिंप्याच्या शेजारी एका घरी मुंज झाली. आजवर गल्लीतल्या कुठल्याही पंगतीत पहिलं पान नानांचं. त्या दिवशी ते पंगतीला बसलेच नाहीत. मांडवाच्या दारात बसून आल्यागेल्याच्या वहाणांचा ताबा घेतला. प्रत्येकाला चिठ्ठी. जेवून परतणाऱ्यांना चिठ्ठी दाखवल्याखेरीज आपल्याच वहाणा मिळेनात. लोक हसले, दोघे-तिघे चिडले, यजमान हात जोडून तीनदा बोलवायला आला. नाना उपाशी घरी आले आणि ओसरीवर एकटे जेवले. मला त्यांचा राग आला होता, म्हातारपणी माणूस तिरसट होतो असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

मग एका दुपारी कचेरी लवकर सुटली. मी परसातून आत आलो. चुलीपाशी पाटावर नाना बसले होते, मांडी घालून, ओलेत्यानं, भिंगसुद्धा उतरवून ठेवलेलं. डोळे मिटलेले. ते चावत होते. अगदी सावकाश, मान थोडी कलती करून. मग ओठांवर दोन बोटं नेऊन एक केसासारखा बारीक काटा त्यांनी काढला आणि डाव्या हाताच्या पळसाच्या पानावर ठेवला. तोंडातला घास दुसऱ्या पानावर काढला आणि पान पुढं सरकवलं. अर्जदार समोर शिस्तीत बसलेला. घास पुढं आल्यावरच उठला.

ज्यांनी जन्मात चातुर्मासात कांदा खाल्ला नाही, ते नाना!

त्यांना चाहूल लागली. डोळे न उघडता म्हणाले, "उन्हाळा आहे. नदी आटली. मरळ मिळत नाही, बारीक मासळी येते, नुसती काट्यांनी भरलेली. बोटांना कळत नाही, डोळ्यांचा उपयोग नाही. जिभेला मात्र चुकत नाही."

"आणि माई?"

"तिला खोटं सांगितलेलं नाही. तिचा नियम मोडला, त्याच दिवशी स्वतःला तिच्या स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. पंगतीतूनही. जेवणाऱ्यांना न सांगता त्यांच्या ओळीत बसणं म्हणजे फसवणूक." मग थोडं थांबून, "तुम्ही काही पाहिलेलं नाही. पंच म्हणून बोलावलेलं नव्हतं." मला तिथं उभं राहवेना. मी पुढच्या दारानं पुन्हा घरात आलो आणि मला त्या वहाणांच्या चिठ्ठ्या आठवल्या.

पावसाळ्याच्या शेवटी शेटजी परतले, बदली जळगावला करून घेऊन. अर्जदारानं त्यांना पाहून जे काही केलं ते लिहायला नको. रडत होते दोघेही. नानांनी पावती काढायला लावली, वखारीत शेवटचं वजन झालं. मूळ आकड्यापेक्षा वर. नानांची छाती पारोळ्याच्या बैलाच्या दिवशी फुगली असेल तशी फुगली.

"नाना, शूं खवडाव्यूं? काय खाऊ घातला एवढा?" शेटजींनी विचारलं.

"मासा. उकडून, अळणी, बिनकाट्याचा. आपण देत होता तोच."

शेटजी बघतच राहिले. "मासा? मी कुठे देते होते? मासा तर रात्री मी खाते. हा तर सकाळचा माझ्या चाय मधे पाव बोळून खाय! मी खाते तेच, मंजे पाव." आणि मोठ्यानं हसले. मग नानांचा चेहरा पाहून हसू आवरलं.

नानांनी मला अक्काची जबानी वाचायला लावली. मी वाचली. कुत्रा टोपल्याजवळ बसत असे. एवढंच. खात असे, असं अक्का कुठंच म्हणाली नव्हती. लिहिलं होतं मी, पण माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

नानांनी कागद माझ्या हातातून घेऊन मिटला. "तीस वर्षांत इतका कच्चा पुरावा कधी धरला नाही," ते म्हणाले. "निकाल आधी ठरला होता माझा. हा जगला पाहिजे, असा. पुरावा मागून जमवला." मग शेटजींकडे वळून, ताठ आवाजात, "आपला खुलासा मुदतीबाहेर आला आहे. तरी मुद्दा क्रमांक एकचा निर्णय बदलत नाही. मासा कुत्र्यास हितकर आहे. अर्जदार स्वतः हजर आहे, बघून घ्या." त्यांनी साखळी शेटजींच्या हातात दिली. टांगा वळेपर्यंत अर्जदार मागं वळून परसाच्या दिशेनं बघत होता. नानांना ते दिसणं शक्य नव्हतं, मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का नेहमीसारखी मागच्या दारी आली. "नाना, कुत्रा ते गया. आते मासा कोनले?" नाना म्हणाले, "आता नको, अक्का." ती गेल्यावरही ते चुलीच्या तीन दगडांपाशी उभे होते.

आतून माईची हाक आली. "नाना, पान मांडलंय. आत ये."

"बाहेरच बरं आहे. अजून विचाराधीन..."

"कसलं मेलं विचाराधीन! सहा महिने तुझ्या तोंडाला मासळीचा वास येत होता, मला नाक नाही का? उंबऱ्याच्या आत तू आला नाहीस, माझा नियम पाळलास. खूप झालं. आंघोळ करून आत ये."

नाना आले. सहा महिन्यांनी आपल्या पाटावर बसले, खाली मान घालून. मी शेजारी, त्या दिवशी माईनं मलाही पान मांडलं होतं. माई कढी आणायला उठली, दारापर्यंत गेली आणि तशीच मागं फिरली. आमच्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "काय रे, कसा लागतो?"

नानांनी मान वर केली. "साक्षीदाराला चव विचारत नाहीत, माई."

"बिनमिठाचा काय लागणार, कपाळ!" माई म्हणाली. ती खाली वाकली आणि नानांच्या पानात डाव्या बाजूला मीठ होतंच, त्यावर तिनं आणखी एक चिमूट वाढलं.